डबिंग कोणी करायचं?



गेल्या महिन्यात आमच्या वर्गात भांडण झालं. घाबरू नका, मारामारी नाही. बाईंनी सांगितलं होतं, "मधल्या सुट्टीनंतर प्रत्येकाने नुकत्याच पाहिलेल्या एखाद्या कार्यक्रमावर मराठीत पाच वाक्यं बोलायची." बाईंची कल्पना असावी की कोणी क्रिकेटचा सामना सांगेल, कोणी केक करण्याची स्पर्धा. पण मोठ्या गटातल्या आम्हा आठ जणांपैकी सहा जणांनी जपानी ॲनिमेचं नाव घेतलं. पाच वाक्यं बाजूलाच राहिली आणि वाद सुरू झाला. वादाचा मुद्दा ॲनिमेवेड्यांचा नेहमीचाच: मूळ जपानी आवाज ऐकत, खाली सबटायटल वाचत बघायचं, की इंग्रजीत डब केलेलं बघायचं?

आवाज वाढले. शेजारच्या खोलीतला छोटा गट बाराखडी थांबवून दारातून डोकावू लागला. तेव्हा बाई म्हणाल्या, "भांडा की! पण मराठीत भांडा."

आणि एकदम सगळे गप्प.

खरं सांगायचं तर त्या शांततेची आम्हांला लाज वाटली. इंग्रजीत आमच्याकडे इतकी मतं होती की कोणी कोणाला बोलू देत नव्हतं, आणि मराठीत आठ जणांत मिळून एक वाक्य निघेना. मग कोणीतरी "मला असं वाटतं की..." म्हणून सुरुवात केली. तो अडला की दुसरा शब्द पुरवायचा, दुसरा अडला की बाई. असं करत पुढचे तीन शनिवार आम्ही हाच वाद घातला. हा लेख म्हणजे त्या वादाचा निकाल. तो आठ जणांनी मिळून लिहिला आहे. शुद्धलेखन बाईंनी तपासलं, मतं मात्र आमचीच आहेत.

आधी आई-बाबांसाठी थोडी माहिती. ॲनिमे म्हणजे जपानमध्ये तयार होणारे चित्रांचे चित्रपट आणि मालिका. "म्हणजे कार्टूनच ना? लहान मुलांचं?" असं तुम्ही विचारता, म्हणून एक उदाहरण देतो. 16 एप्रिल 1988 या दिवशी जपानमध्ये स्टुडिओ जिब्लीचे दोन चित्रपट एकत्र, लागोपाठ दाखवण्यासाठी प्रदर्शित झाले. पहिला हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर टोटोरो'. त्यात दोन लहान बहिणी आहेत, इस्पितळात असलेली आई आहे आणि जंगलात राहणारा एक भला मोठा, गुबगुबीत प्राणी आहे. दुसरा इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. त्यात 1945 साली कोबे शहरावर झालेल्या बॉम्बहल्ल्यात आई गमावलेले भाऊ-बहीण आहेत आणि पुढे त्यांची झालेली उपासमार आहे. पहिला चित्रपट आमच्यातल्या एकाचा चार वर्षांचा भाऊ रोज बघतो. दुसरा पाहून आमच्या गटातला सगळ्यात मोठा, सोळा वर्षांचा मुलगा रात्री जेवला नाही. दोन्ही चित्रंच आहेत. तेव्हा "चित्रं म्हणजे लहान मुलांचं" हे काही खरं नाही.

आणि आई-बाबांनो, तुम्हीही ॲनिमेचे जुने चाहते आहात, फक्त तुम्हांला ते माहीत नाही! तुमच्यापैकी जे 1990 च्या दशकात भारतात लहान होते, त्यांना रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारा मोगली आठवत असेल. गुलजारांनी लिहिलेलं आणि विशाल भारद्वाज यांनी चाल दिलेलं ते शीर्षकगीत कार्यक्रमांच्या मधल्या वेळात तुम्ही अजून गुणगुणता, ते आम्ही ऐकलं आहे. ती मालिका जपानी होती. निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने ती 1989 साली बनवली, तिचे 52 भाग होते आणि तुम्ही पाहिली ती हिंदीत डब केलेली. शेरखानाचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा! आमच्यातल्या एकाच्या बाबांना हे सांगितलं तर ते मानायलाच तयार होईनात. "मोगली आपला आहे," म्हणाले. शेवटी त्यांना जपानी मालिकेचा एक तुकडा दाखवावा लागला. त्यांचा मोगली जपानीत बोलताना पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण शेरखान आमचाच बरा होता."

रामायणाचंही तसंच. युगो साको या जपानी दिग्दर्शकाने आपल्याकडच्या राम मोहन यांच्याबरोबर 1992 साली 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा चित्रपट तयार केला. भारतातल्या चित्रपटगृहांत तो नव्याने प्रदर्शित झाला तो जानेवारी 2025 मध्ये. आपली गोष्ट, जपानी चित्रकार, आणि त्यावर कधी इंग्रजी तर कधी हिंदी आवाज. म्हणजे गोष्टी अशा देशोदेशी हिंडतच असतात. प्रश्न एवढाच की हिंडताना त्यांचं काय सांडतं आणि काय टिकतं.

आता आमची मतं. बाईंनी पाच वाक्यं सांगितली होती, आम्ही थोडी जास्त वापरतो.

'टोटोरो' आठही जणांना आवडला. त्यात खलनायक नाही, लढाई नाही, तरी कंटाळा येत नाही, हे कसं जमवलं ते आम्हांला कळलेलं नाही.

'डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल' हा 2025 चा चित्रपट. इथे त्याला 15 वर्षांची अट होती, त्यामुळे आमच्यातल्या फक्त दोघांनी पाहिला आणि त्या दोघांचंही पटलं नाही. एक म्हणतो, चित्रं अफाट आहेत, पण लढाई ऐन रंगात आली की कोणाचं तरी बालपण सुरू होतं. दुसरी म्हणते, त्या बालपणासाठीच तर चित्रपट बघायचा. अकाझा हा दुष्ट राक्षस पूर्वी कोण होता ते कळलं नाही, तर तो मेला काय अन् राहिला काय!

'फ्रीरेन' या मालिकेवर गटाचे दोन तुकडे पडले. चौघांना ती इतकी संथ वाटली की तिसऱ्या भागात झोप लागली. चौघांच्या मते तिच्यासारखी दुसरी मालिका नाही. तिच्याबद्दल शेवटी पुन्हा बोलू.

आता मुख्य वाद. सबटायटलवाले पाच होते, डबवाले तीन.

सबटायटलवाल्यांचं म्हणणं असं. 'टोटोरो'मध्ये धाकटी मेइ आपल्या मोठ्या बहिणीला जपानीत "ओनेचान" अशी हाक मारते. ओनेचान म्हणजे ताई. इंग्रजी डबमध्ये ती तिला नावाने हाक मारते, "सात्सुकी!" शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना दोघी "ओबाचान", म्हणजे आजी म्हणतात. नात्याची नसूनही आजी! आपल्याकडे नाही का, शेजारच्या काकू, समोरचे आजोबा? नात्यांची हाक गेली की सगळे नुसते मित्र होऊन जातात. जपानीत तू, तुम्ही, आपण अशा पायऱ्या असतात. कोण कोणाशी कसं बोलतो यावरून त्यांच्यात काय चाललंय ते कळतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. क्रियापदसुद्धा जपानीत मराठीसारखं वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत थांबावं लागतं.

आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे "इत्तेकिमास".

हा शब्द ॲनिमेत रोज येतो. शाळेला निघालेलं मूल दारातून ओरडतं, "इत्तेकिमास!" इंग्रजी सबटायटलमध्ये त्याचं "बाय" किंवा "मी निघते" एवढंच होतं. पण त्या शब्दाचे तुकडे केले तर पहिला भाग आहे जाणं आणि दुसरा आहे येणं. म्हणजे "जाऊन येते"! आणि घरात थांबलेलं माणूस उत्तर देतं "इत्तेराशाइ", म्हणजे "जाऊन ये".

हे कळलं तेव्हा आमच्यातल्या एका मुलीने एक आठवण सांगितली. पाच वर्षांची असताना मुंबईच्या विमानतळावर ती आजीला म्हणाली, "आजी, मी जाते." आजीने तिच्या तोंडावर हात ठेवला. "जाते नाही गं म्हणायचं. येते म्हणायचं." तिला वाटलं आपलं व्याकरण चुकलं. इंग्रजीतून विचार केला तर चुकीचं तर आजीचं होतं, कारण ती खरंच जात होती, येत नव्हती! पुढे दहा वर्षांनी एक जपानी मुलगी दप्तर घेऊन दारातून पळताना तेच म्हणाली, आणि तेव्हा हिला आजी काय सांगत होती ते समजलं. निघताना परत येण्याचं बोलून ठेवायचं. आमच्या शाळेतल्या इंग्रज मित्रांनी तोच प्रसंग पाहिला, पण त्यांना त्यात काही दिसलं नाही. आम्हांला दिसलं, कारण आमच्याकडे मराठी होती. मराठीचा असा काही उपयोग असेल हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग डबवाले उठले. त्यांचंही ऐका. पहिला मुद्दा: चित्रकारांनी झाडाचं एकेक पान रंगवलेलं असतं आणि तुमचे डोळे खालच्या अक्षरांवर. मग तुम्ही पाहिलं काय? दुसरा मुद्दा: चार वर्षांच्या भावाला सबटायटल वाचता येत नाहीत. ज्यांना वाचायला वेळ लागतो त्यांना ती पुरी होण्याआधीच पडद्यावरून जातात. आमच्या गटातही असं एक जण आहे आणि हे त्याने स्वतः उभं राहून सांगितलं, त्याबद्दल त्याचं कौतुक. त्यांनी काय ॲनिमे बघायचंच नाही? तिसरा मुद्दा: मोगली हिंदीत आला नसता, तर आई-बाबांच्या लहानपणात मोगलीच नसता. डब म्हणजे गोष्ट पळवणं नाही. डब म्हणजे गोष्ट दारापर्यंत आणून देणं.

दोन्ही बाजूंना लंडननेच उदाहरणं पुरवली. 'टोटोरो'चं नाटक रॉयल शेक्सपिअर कंपनीने 2022 मध्ये बार्बिकनमध्ये आणलं. 2023 मध्ये त्याला सहा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाले आणि 2025 मध्ये ते वेस्ट एंडमध्ये आलं. ते इंग्रजीत आहे. उलट 'स्पिरिटेड अवे'चं नाटक 2024 मध्ये लंडन कोलिझियममध्ये झालं, ते जपानी नटांनी जपानीतच केलं. भाषांतर अक्षरांत दाखवलं जायचं आणि लोक मान वर-खाली करत तीन तासांचं नाटक बघायचे. आमच्यातल्या तिघांनी दोन्ही पाहिली आहेत. दोन्हीकडे माणसं रडली, दोन्हीकडे माणसं हसली. म्हणजे पुन्हा बरोबरी!

वाद इथेच अडकून पडला असता. पण दुसऱ्या शनिवारी एका मुलीने गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगितली.

तिची आजी सांगलीहून सहा महिन्यांच्या व्हिसावर इथे आली होती. एका रविवारी दिवसभर पाऊस होता. आई-बाबा बाहेर गेले होते, आणि घरात नात, आजी आणि टीव्ही. नातीने 'टोटोरो' लावला, जपानीत, खाली इंग्रजी सबटायटल. आजीला इंग्रजी अक्षरं येतात, पण त्या वेगाने नाही. पाच मिनिटांत आजी म्हणाली, "काय म्हणतेय गं ती पोरगी?" नातीने सांगितलं. पुन्हा, "आणि बाप काय म्हणाला?" तेही सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं की आता पूर्ण चित्रपट आपल्यालाच मराठीत बोलावा लागणार.

ती अडखळली. माळ्यावर काळ्या काळ्या गोळ्यांसारखे जे लहान जीव असतात, त्यांना काय म्हणायचं? "ते... चिमणीतलं काळं..." आजी म्हणाली, "काजळी." मेइ आजारी आईसाठी हातात धरून पळते ते "कॉर्न". आजी म्हणाली, "कणीस." मांजराची बस मात्र आजीने तशीच स्वीकारली. "असते एकेकाची," म्हणाली. मग मेइ हरवते. तळ्यात एक लहान चप्पल सापडते आणि सगळा गाव तिला शोधायला बाहेर पडतो. तिथे नातीला काही सांगावं लागलं नाही. पडद्यावरची म्हातारी हात जोडून बसली होती आणि इथे आजीनेही हात जोडले होते.

चित्रपट संपल्यावर आजीने चहा ठेवला आणि सांगू लागली. ती नऊ वर्षांची असताना गावच्या जत्रेत तिचा धाकटा भाऊ हरवला होता. तो तिच्या हातातून सुटला होता. रात्री उशिरा तो सापडला, देवळामागे एका बैलगाडीत झोपलेला. पण तोपर्यंत तिला कोणी रागावलं नव्हतं, आणि कोणी रागावत नाही म्हणून ती जास्तच घाबरली होती. रात्री नातीने ही गोष्ट आईला सांगितली. आईला ती माहीतच नव्हती. पंचेचाळीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

ही गोष्ट ऐकल्यावर वर्गात कोणी सबटायटल आणि डब काढलं नाही. कारण आमच्या लक्षात आलं की ज्या वादात आम्ही इतके हुशार होतो, तो वाद आमच्या घरी रोज चालतो आणि तिथे आम्ही हरलेले आहोत.

आता रविवारच्या व्हिडिओ कॉलचं चित्र डोळ्यांसमोर आणा. पलीकडे आजी-आजोबा, इकडे आई आणि आम्ही. आजी विचारते, "कशी चाललीय शाळा?" आम्ही आईकडे बघून इंग्रजीत सांगतो की विज्ञानाचे शिक्षक बदलले, नवे कोणाला आवडत नाहीत, आणि मैत्रीण दुसऱ्या गटात गेल्यामुळे डबा एकटीने खावा लागतो. आई फोनकडे वळते आणि म्हणते, "छान चाललीय म्हणते." मग आजी दोन-तीन मिनिटं बोलते. गुडघा, शेजारच्यांचं लग्न, यंदा आंब्याला मोहोर कमी आला, आणि असं बरंच काही. आई आमच्याकडे वळून इंग्रजीत सांगते, "आजी म्हणते, नीट अभ्यास कर."

याला म्हणतात डबिंग! आणि तेही जगातलं सगळ्यात वाईट डबिंग. आम्ही असं डबिंग एखाद्या ॲनिमेत ऐकलं असतं तर आठवडाभर त्याची टर उडवली असती. जपानी नटाच्या आवाजातला कंप हुकू नये म्हणून आम्ही डब बघत नाही, आणि स्वतःच्या आजीचा आवाज मात्र आईच्या डबमधून ऐकतो. हे आम्ही आईला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आई मदत करते. आम्ही तिच्याकडे बघतो म्हणून ती करते. पण त्या मदतीत आजीचा गुडघा आणि आमचा एकटीने खाल्लेला डबा दोन्ही सांडतात.

अजून एक उदाहरण. 'इन्फिनिटी कॅसल' बघून आलेल्या त्या दोघांपैकी एकाचा मावसभाऊ पुण्यात आहे. चित्रपट इथे आणि तिथे एकाच सुमाराला, सप्टेंबर 2025 मध्ये लागला. मावसभावाने हिंदीत पाहिला, आमच्या मित्राने जपानीत, आणि दोघे फोनवर तासभर बोलले ते इंग्रजीत. तीन भाषा झाल्या. दोघांचीही जी मातृभाषा, ती तेवढी राहिली!

तेव्हा आमचा निकाल असा: डब वाईट नाही आणि सबटायटलही पुरं पडत नाही. खरा प्रश्न "डब की सबटायटल" हा नाहीच. खरा प्रश्न आहे, डबिंग कोणी करायचं? आजीला 'टोटोरो' सांगताना त्या मुलीला जेवढी मराठी आली, तेवढी दोन वर्षांच्या शनिवारांत आली नव्हती (बाई, माफ करा). जो डब ऐकतो त्याला गोष्ट मिळते. जो डब करतो त्याला भाषा मिळते. आजवर आमचं डबिंग आई-बाबांनी केलं. आता ते काम आम्हांला द्या.

त्यासाठी आमच्या तीन मागण्या आहेत.

एक. फोनवर आम्ही अडखळलो की लगेच मध्ये पडू नका. मनात दहापर्यंत आकडे मोजा. आजीला घाई नसते. घाई तुम्हांला असते, आणि आम्हांला.

दोन. आमच्या चुका पाहुण्यांना सांगू नका. "माझी बाबा" म्हटलेलं एकदा ऐकून हसलात तर चालेल, पण दर दिवाळीला तीच गोष्ट नव्या काकूंना सांगितलीत, तर आम्ही पुढच्या दिवाळीला तोंड उघडणार नाही. आमच्यातले बरेच जण मराठी येत नाही म्हणून गप्प नसतात, चुकेल म्हणून गप्प असतात.

तीन. महिन्यातून एकदा आमच्याबरोबर एक ॲनिमे बघा, आणि मग आमच्याशी वाद घाला. "छान होतं" एवढं म्हणून उठू नका. का छान होतं? शेरखान का बरा होता? वाद घालायला खूप शब्द लागतात आणि राग आला की ते सापडतात, हा आमचा गेल्या महिन्याचा अनुभव आहे.

आमच्याकडूनही आम्ही कबूल करतो की दर आठवड्याला प्रत्येक जण भारतातल्या आजी, आजोबा, मावशी, काका यांच्यापैकी एकाला पाहिलेल्या एका भागाची गोष्ट मराठीत सांगेल. बाईंनी वर्गात शेवटची दहा मिनिटं ॲनिमेच्या वादासाठी दिली आहेत. ती मराठीतच होतील. इंग्रजी शब्द वापरला तर चालेल, इंग्रजी वाक्य चालणार नाही.

काही पालकांचं उत्तर आम्हांला आधीच माहीत आहे. "आधी अभ्यास, मग हे सगळं." आमच्यातल्या एकाला जीसीएसईला जपानी घ्यायचं आहे आणि ते घेता येतं. मराठीची जीसीएसई नाही. म्हणजे इथल्या शाळेच्या दृष्टीने जपानीला गुण आहेत, मराठीला नाहीत. खरं आहे. पण सांगलीची आजी गुण विचारत नव्हती. "काय म्हणतेय गं ती पोरगी?" एवढंच विचारत होती. दुसरं, "ॲनिमे बघून रात्री जागता" ही तक्रारही खरी आहे. ती आम्ही मान्य करतो. जे वयाला योग्य नाही ते बघू नये हेही मान्य. भाषेच्या नावाखाली आम्हांला जास्तीचे भाग बघायचे आहेत असं कोणाला वाटेल. थोडंसं तसंही आहे.

आता 'फ्रीरेन'. ती हजार वर्षांहून जास्त जगलेली जादूगार आहे. तिने काही माणसांबरोबर दहा वर्षं प्रवास केला. तिच्या हिशेबात दहा वर्षं म्हणजे काहीच नाही. पन्नास वर्षांनी ती परत येते तेव्हा त्यांच्यातला हिमेल म्हातारा झालेला असतो, आणि थोड्याच दिवसांत तो जातो. त्याच्या अंत्यविधीला तिला रडू येतं, कारण तिला कळतं की आपण ह्या माणसाला नीट ओळखून घ्यायचा प्रयत्नच केला नाही. हा पहिल्याच भागातला प्रसंग आहे. पुढची सगळी मालिका त्या चुकीनंतरची आहे. ज्या चौघांना झोप लागली होती, त्यांनी हा भाग पुन्हा पाहिला, आणि आता तेही आमच्या बाजूला आले आहेत.

आम्हांला वाटतं की आजी-आजोबा आहेतच, पुढच्या उन्हाळ्यात भेटूच, मराठी काय, मोठेपणी शिकू. आम्हीही फ्रीरेनसारखाच हिशेब करतो. पण आमच्याजवळ हजार वर्षं नाहीत आणि आजीचा व्हिसा सहा महिन्यांचा असतो.

लेखात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. आणि पुढच्या शनिवारी शेवटच्या दहा मिनिटांत आमच्याशी भांडायला जरूर या. मराठीतच बरं का!

तर आता आम्ही जातो. नाही, नाही... येतो!

आपला,
मोठा गट
(वय वर्षं 12 ते 16)